यादी गेली, प्रश्न तसाच: जर्नल निवडायचं कसं?

पेपर लिहून झाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: "जर्नल यादीत आहे ना?" ते जर्नल वाचतं कोण, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. माझ्या मते आपलं खरं नुकसान या सवयीनेच केलं आहे.

याद्यांचा इतिहासच बघा. यूजीसीने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त जर्नल्सची यादी दिली आणि मे २०१८ मध्ये त्याच यादीतून ४,३०५ नावं काढून टाकली. २०१९ मध्ये यूजीसी-केअर यादी आली. तिच्यासाठी जर्नल्स तपासण्याचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात चालायचं. हेतू चांगलाच होता. पण यादीतल्या जर्नल्सच्या नकली वेबसाइट निघाल्या. नाव तेच, आयएसएसएनही तोच, पैसे मात्र भलत्याच खात्यात! शेवटी केअरला अशा नकली जर्नल्सचीही यादी द्यावी लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअर यादीच बंद केली आणि काही निकष सुचवून निवड विद्यापीठांवर आणि संशोधकांवर सोपवली.

हा निर्णय तत्त्वतः मला पटतो. अडचण अशी की इतकी वर्षं आपल्याला यादी बघायला शिकवलं, जर्नल वाचायला नाही. त्यामुळे आता एका यादीच्या जागी दुसरी येईल: कुठे स्कोपस, तर कुठे विद्यापीठाची स्वतःची.

दोन गैरसमज आधी दूर करा. आयएसएसएन हा फक्त ओळखक्रमांक आहे, दर्जाचा दाखला नाही. आणि इम्पॅक्ट फॅक्टर ही त्या जर्नलमधल्या लेखांना मिळालेल्या संदर्भांची सरासरी असते. तुमच्या पेपरबद्दल ती काहीच सांगत नाही.

मग करायचं काय? आधी स्वतःच्या पेपरची संदर्भसूची उघडा. ज्या जर्नल्समधले लेख तुम्ही खरोखर वापरलेत, तिथलेच वाचक तुमचे वाचक. त्यातल्या दोन-तीन जर्नल्सचे अलीकडचे अंक वाचा. तुमचा प्रश्न तिथे चर्चेत आहे का? संपादक मंडळातली माणसं त्याच विषयातली आहेत का? मराठी भाषेवर काम करत असाल, तर 'भाषा आणि जीवन'सारख्या नियतकालिकाचा वाचक तुम्हाला इंग्रजी जर्नलच्या वाचकापेक्षा जवळचा असू शकतो.

"चार दिवसांत स्वीकृती, फी अमुक" असा मेल आला तर सावध व्हा. फी घेणारं प्रत्येक जर्नल वाईट नसतं, पण खऱ्या समीक्षेला वेळ लागतो. २०१३ मध्ये 'सायन्स'साठी जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम ढोबळ चुका ठेवलेला बनावट पेपर ३०४ ओपन ॲक्सेस जर्नल्सना पाठवला. त्यातल्या १५७ जर्नल्सनी तो स्वीकारला!

नोव्हेंबर २०२२ च्या यूजीसी नियमांनी प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती काढली आहे. तुमच्या विद्यापीठाने ती ठेवली आहे का, ते आधी विचारून घ्या. नसेल तर घाई कशाला? तीन वर्षांचं काम चुकीच्या ठिकाणी छापलं, तर तेच काम पुन्हा चांगल्या जर्नलला देता येत नाही. म्हणून पेपर पाठवण्याआधी गाईडना यादी विचारू नका. "सर, या जर्नलमधला तुम्ही शेवटचा वाचलेला लेख कोणता?" एवढंच विचारा.