एका आकड्याचा अर्थ : ‘काफ्का’ प्रणालीतील प्रगतीची नोंद

लिंक्डइनने २०११ साली सर्वांस खुल्या केलेल्या ‘काफ्का’ या संदेशप्रणालीत रांगेतील संदेशांना अनुक्रमांक असतात. ते हाताळणाऱ्या प्रोग्रॅमची प्रगती, प्रत्येक संदेशावर खूण न करता, रांगेमागे एकाच आकड्याने नोंदिली जाते. ही काटकसर स्तुत्य होय. तथापि तिचा अर्थ संदिग्ध आहे. ४२ हा आकडा ‘पुढे ४२ वा वाचावा’ एवढेच सांगतो. ‘४१ पर्यंतचे कार्य झाले’ हे केवळ गृहीत धरले जाते. कार्याआधी नोंद होऊन प्रोग्रॅम बंद पडल्यास संदेश दुर्लक्षित राहतो. कार्य होऊन नोंद राहिल्यास पुनरुक्ती घडते. ४० वा अपूर्ण असता ४१ वा पूर्ण झाला, हे तर या आकड्यास सांगताच येत नाही. ‘वाचले’ आणि ‘केले’ यांतील भेद नोंदीने पुसला, तर तो कार्यरचनेनेच राखावा लागतो : नोंद कार्यानंतर व्हावी आणि पुनरुक्ती निरुपद्रवी ठरावी.