लिंबू, केरसुणी आणि बळीराजा

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात एकच लिंबू तीन अर्थ धारण करते. भाजीपाल्याच्या गाळ्यावर ते माल असते. त्याचा भाव होतो. शनिवारी तेच मिरच्या-बिबव्यांसह ओवून गाळ्याच्या दाराशी टांगले की रक्षक बनते. आठवड्याने उतरवून रस्त्यावर टाकले की अशुभ होते; माणसे पाय चुकवून जातात. ते अशुभ उचलायचे कोणी? झाडणाऱ्या बाईने. तिला बाधा होत नाही काय, असे कोणी विचारलेले मी ऐकले नाही. झाडण्याचे काम पिढ्यानपिढ्या कोणत्या जातींच्या माथी मारले गेले, हे वाचकांना सांगायला नको.

तिच्या हातातल्या खराट्याचेच भावंड म्हणजे केरसुणी. लक्ष्मीपूजनाला ती नवी आणून, हळदकुंकू वाहून, लक्ष्मी म्हणून पुजली जाते. याच पुण्यात पेशवाईत अस्पृश्याला कमरेला झाडू बांधावा लागे, त्याची पावले पुसली जावीत म्हणून. गळ्यात मडके, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. बाबासाहेबांनी १९३६ साली छापलेल्या, पण करू न दिलेल्या भाषणात हे नोंदवले आहे. घरात लक्ष्मी, माणसाच्या कमरेला विटाळाची खूण! तेव्हा दुष्टत्व झाडूत नव्हते. अर्थ ठरवणाऱ्याच्या सत्तेत होते.

असुरांचेही तेच. ऋग्वेदात वरुणाला असुर म्हटले ते गौरवाने. पुढे तो शब्द देवांच्या शत्रूचा झाला. इराणच्या अवेस्तात उलट: अहुर हा परमेश्वर, दएव हे दुष्ट. पुराणांनी असुर ठरवलेल्या बळीच्या स्वागताला केरळात ओणमला दारापुढे फुले मांडतात. आपल्या आयाबहिणी बलिप्रतिपदेला ओवाळताना त्याचेच राज्य मागतात. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त बळीला न्यायी राजा म्हटले, एवढ्यावर ते थांबले नाहीत. वामनाची कथा कोणी रचली आणि कोणाच्या फायद्यासाठी, हे त्यांनी विचारले.

हाच प्रश्न मला आपल्या कवितेला विचारावासा वाटतो. आपल्या संमेलनांत मी अजूनही ऐकतो: अंधार म्हणजे पाप, काळा म्हणजे क्रूर, शोषक म्हणजे राक्षस. प्रस्थापितांना नकार द्यायचा आणि प्रतीके मात्र त्यांच्याच कोठारातून उसनी आणायची, हा कसला नकार? यावर काही मित्र म्हणतात, प्रतीके उलटवा. रावणाला नायक करा. या उलटवण्याचे मोल मी नाकारत नाही. ज्यांना राक्षस म्हणून हिणवले, त्यांना त्याने ताठ मान दिली. पण अवेस्ताचा धडा असा की, नावांची नुसती अदलाबदल झाली तरी कोणीतरी दुष्ट ठरवलेला उरतोच. ठरवणारी सत्ता तशीच राहते.

म्हणून उलटवणे ही सुरुवात समजावी. पहाटेच्या काळोखात यार्डातला हमाल गाडी खाली करतो, त्यावर त्याची चूल पेटते. त्याच्या कवितेने काळोखाला पाप का म्हणावे? आणि झाडणाऱ्या बाईवर लिहायचे, तर लिंबाला शिव्या देऊन भागणार नाही. दुसऱ्याच्या दारावरून उतरलेले अशुभ तिच्याच हाती का येते, हे लिहावे लागेल.