‘स्मृतिचित्रे’ वाचताना : आधी काय झालं, नंतर काय झालं?

दुःखात देवावर भरवसा ठेवा, घरातला कलह त्याच्या हाती सोपवा. ख्रिस्ती प्रवचनांत हा विषय निघाला की उदाहरणं बहुतेक ठरलेली असतात : भावांनी विकलेला योसेफ, सगळं गमावलेला ईयोब आणि मराठीत बोलायचं तर लक्ष्मीबाई टिळक. नवरा ख्रिस्ती झाला, संसार मोडला, काही वर्षं ताटातूट झाली, पुढे लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला, घर पुन्हा उभं राहिलं. झाला धडा तयार!

‘स्मृतिचित्रे’चा असा वापर मला खटकतो. माझी हरकत श्रद्धेला नाही, पुरावा वापरण्याच्या पद्धतीला आहे. आणि संशोधनाकडे वळणाऱ्या तुमच्यासारख्यांना त्यातून एक कामाची गोष्ट शिकता येईल, म्हणून हा लेख.

एखादी गोष्ट दुसरीचं कारण आहे असं म्हणायचं, तर निदान ती आधी घडलेली असायला हवी. ही अगदी किमान अट आहे. धड्याचा दावा असा की लक्ष्मीबाईंनी भरवसा ठेवला, म्हणून घर जुळलं. आता पुस्तकातला क्रम बघा. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला विश्वासात घेऊन नव्हे. लक्ष्मीबाई तेव्हा पंचविशी ओलांडलेल्या, पदरात लहानगा दत्तू. त्या माहेरच्या नातलगांच्या आधाराने राहिल्या, पंढरपुरातही राहिल्या. नंतर नवऱ्याजवळ अहमदनगरला आल्या, पण आपलं सोवळं सांभाळून. मग जातिभेद माणसानेच केलेला आहे, हे त्यांचं त्यांनाच पटत गेलं आणि कुणाच्याही हातचं पाणी चालू लागलं. बाप्तिस्मा आला 1900 साली. म्हणजे आधी जवळ येणं, मग जात सुटणं, मग नवी श्रद्धा. धड्यात हाच क्रम उलटा होऊन बसतो.

यावर श्रद्धावंत वाचक म्हणेल, ‘त्यांना ठाऊक नसतानाही देव काम करत होता.’ म्हणू देत. ते श्रद्धेचं विधान आहे आणि त्या जागी त्याला मान आहे. पण घर जुळलं तरी ते खरं, नाही जुळलं तरी खरं. मग जुळलेलं घर त्याचा पुरावा म्हणून कसं दाखवणार? शिवाय ज्यांची घरं कधीच जुळली नाहीत, ती माणसं साक्ष द्यायला व्यासपीठावर येतच नाहीत. आपल्याकडे फसलेले प्रयोग पेपरमध्ये येत नाहीत, तसंच हे.

आता पुस्तकाच्या मोठेपणाकडे येऊ. लक्ष्मीबाईंनी हे लिहिलं ते टिळकांच्या मृत्यूनंतर, म्हणजे 1919 नंतर. पुस्तकरूपाने ते 1934 पासून भागाभागांनी आलं. ताटातुटीला तेव्हा तीन-चार दशकं उलटलेली. लेखिका ख्रिस्ती, नवरा मराठी चर्चने डोक्यावर घेतलेला कवी. जुन्या दुःखाला नंतरच्या श्रद्धेचा मुलामा द्यायला याहून सोयीची परिस्थिती कुठली? त्यांनी तो दिला नाही. तेव्हाचा राग राग म्हणूनच येतो, सोवळं सोवळं म्हणूनच येतं आणि हसू तर पानोपानी फुटतं, बहुतेक वेळा स्वतःवरच. टिळकांचा तापट स्वभाव, हातात पैसा न टिकणं, लहर लागली की कुठेही निघून जाणं, काहीच झाकलेलं नाही. प्रेमही झाकलेलं नाही. शेवट माहीत असताना मधली अनिश्चितता अशी जपून ठेवणं फार अवघड असतं. थीसिस लिहायला बसलात की कळेल. तीन वर्षांची चाचपड ‘मेथड्स’मध्ये दोन परिच्छेदांची सरळ रेघ होऊन जाते.

ईयोबचंही तसंच झालंय. त्या ग्रंथाचे अध्याय 42. धड्यात येतात पहिले दोन आणि शेवटचा. मधे ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाशी वाद घालतो. मित्र सात दिवस गप्प बसतात तोवर ठीक असतात, तोंड उघडून दुःखाची कारणं सांगू लागतात आणि बिघडतं. शेवटी देवाचा कोप होतो तो या मित्रांवर. धडा सांगणारे नेमके त्यांच्याच रांगेत जाऊन बसतात, हे मला जरा गमतीचं वाटतं.

गमतीचं नाही ते असं की हा धडा ऐकणारं कुणीतरी समोर असतं. घरात मार खाणारी बाई असू शकते. तिला लक्ष्मीबाईंचं नाव घेऊन ‘थांब, सोस’ असं सांगितलं, तर तो सल्ला लक्ष्मीबाईंचा नाही. त्या नुसत्या थांबल्या नव्हत्या. वेगळ्या राहिल्या आणि परतल्या त्या आपल्या अटींवर. त्या अटींत जातीचं सोवळंही होतं, म्हणजे अटी सगळ्या गोड होत्या असं नाही. पण त्या त्यांच्या होत्या.

वाचायचं असेल तर संपूर्ण आवृत्ती घ्या. आत्मचरित्र हाती आलं की मी वहीत तीन रकाने आखते : कधी घडलं, कधी लिहिलं, कुणासाठी लिहिलं. इथे चौथा आखा. 1895 ते 1900 या काळाच्या पानांत जिथे जिथे देवाचं नाव येईल तिथे पेन्सिलने खूण करा आणि तो कोणता देव आहे, तेही शेजारी लिहा.