‘जलरोधक’ : एका अतिव्याप्त संज्ञेची परीक्षा

शास्त्रीय परिभाषेची चर्चा निघाली की शब्द संस्कृत असावा की देशी, हाच प्रश्न आपल्याकडे अग्रभागी येतो. 1960 साली भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून या वादात पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. घडविलेली संज्ञा वस्तूंतील भेद राखते की पुसते, हा प्रश्न आमच्या मते अधिक महत्त्वाचा. बांधकामविषयक मराठी लेखनात सर्रास वापरला जाणारा ‘जलरोधक’ हा शब्द त्या कसोटीस उतरत नाही.

कोल्हापूरच्या गुळाचेच उदाहरण घेऊ. गूळ हवेतील दमटपणा शोषून घेतो. पावसाळ्यात तो पाघळू नये म्हणून शीतगृहात ठेवतात. शीतगृहाच्या भिंती आता बहुधा तयार फलकांच्या असतात : दोन्ही अंगांस पत्रा आणि मध्ये पॉलियुरेथेनचा फेस. पत्र्यातून पाणी जात नाही आणि बाष्पही जात नाही. धोका असतो तो दोन फलकांच्या सांध्यात. 30 अंश सेल्सिअसच्या संपृक्त हवेत दर घनमीटरास सुमारे 30 ग्रॅम बाष्प असते. 5 अंशांस ते सुमारे 7 ग्रॅमच राहू शकते. बाहेरची हवा फटीतून आत शिरता शिरता निवते, आणि जास्तीचे बाष्प सांध्यातच पाणी होऊन बसते. ओलावलेल्या फेसाची उष्णता अडविण्याची शक्ती घटते.

अशा भिंतीस ‘जलरोधक’ म्हटल्याने काय साधते? पावसाचे पाणी थोपविणारा लेप, बाष्प अडविणारा पापुद्रा आणि हवेची फट बुजविणारे लुकण ही तीन निराळी कामे आहेत. एक केल्याने दुसरे होत नाही. संज्ञा मात्र एकच असल्यामुळे, बाहेरून लेप दिला की कर्तव्य संपले, असा समज होतो.

अलास्कातील जुनो येथे 2001 च्या सुमारास अशा फलकांची छपरे कुजलेली आढळली. तेथे पाऊस वरून गळला नव्हता. घरातील उबदार, दमट हवा आढ्याजवळच्या न बुजविलेल्या सांध्यांतून वर जाऊन गार पृष्ठाखाली निवली होती. म्हणजे तेथे बाष्प आतून बाहेर जात होते, आमच्या शीतगृहात ते बाहेरून आत येते. म्हणून थंड देशांतील पुस्तकातला ‘आतल्या बाजूस’ हा शब्दप्रयोग जसाच्या तसा मराठीत आणला तर बाष्प अडविणारा थर नेमका चुकीच्या अंगास पडेल. ‘उष्ण बाजूस’ असे लिहिले की दोन्ही ठिकाणी अर्थ बरोबर लागतो.

बोलभाषेत हा भेद मुळीच हरवलेला नाही. कौल गळते, भिंत पाझरते, तांब्याला घाम फुटतो, पापड सादळतो. यांतील ‘सादळणे’ हे क्रियापद विशेष लक्षणीय आहे. पाण्याचा थेंबही न दिसता केवळ हवेतून आलेली ओल ते दर्शविते. आमच्या गृहिणींस पापडाच्या डब्याचे झाकण घट्ट का लावावे हे सांगावे लागत नाही. (त्यांनी डब्यास ‘जलरोधक’ म्हटल्याचे ऐकिवात नाही.)

याचा अर्थ संस्कृत संज्ञा टाकून द्याव्यात असा नव्हे. ‘बाष्परोधक’ आणि ‘वायुरोधक’ हे शब्द सुबोध आहेत. अडचण एवढीच की सामान्य वाचकास ‘बाष्प’ म्हणताच चुलीवरची वाफ आठवते, थंड हवेतील अदृश्य बाष्प आठवत नाही. तेव्हा गवंड्यासाठी लिहिलेल्या पुस्तिकेत ‘बाष्परोधक थर’ या संज्ञेशेजारी ‘भिंत आतून सादळू नये म्हणून’ एवढे शब्द तरी घालावेत.