सुखान्ताचा हक्क : समलिंगी प्रेमकादंबरी आणि तिचा वाचक

१

रंजनपर कादंबरीवर घेतला जाणारा नेहमीचा आक्षेप असा की, तिचा शेवट वाचकाला आधीच ठाऊक असतो. नायक-नायिका भेटणार, दुरावणार आणि अखेरीस एकत्र येणार हे गृहीत धरूनच वाचक पुस्तक उघडतो; मग या वाचनात नवा अनुभव तो कोणता? मराठीत ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांच्या निमित्ताने हा प्रश्न पुष्कळ चर्चिला गेला. त्याचे उत्तर मात्र बहुतेक वेळा लेखकाच्या बाजूने, म्हणजे तंत्र, रचनाकौशल्य, कारागिरी या संज्ञांच्या आधारे शोधले गेले. त्या ठरीव शेवटातून वाचकाला नेमके काय मिळते, ही विचारणा मागे पडली.

इंग्रजीतील समलिंगी प्रेमकादंबरी हा लोकप्रिय उपप्रकार ही विचारणा नव्याने करण्यास भाग पाडतो. येथे सुखान्त हा वारशाने आलेला संकेत नाही. तो दीर्घ काळ नाकारला गेला आणि पुढे झगडून मिळवला गेला. ज्या शेवटाला एका परंपरेत साचा म्हणून हिणवले जाते, तोच शेवट दुसऱ्या परंपरेत साचा मोडणारा ठरतो. तेव्हा या कादंबऱ्यांच्या वाचकांना काय आवडते हा प्रश्न केवळ अभिरुचीच्या समाजशास्त्राचा राहत नाही. वाङ्मयीन संकेताचे मूल्य संकेतात असते की त्याच्या इतिहासात, असा सैद्धान्तिक प्रश्न त्यातून उभा राहतो.

२

ई. एम. फॉर्स्टर यांनी ‘मॉरिस’ ही कादंबरी १९१३-१४ मध्ये लिहिली. ती प्रसिद्ध झाली १९७१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर. १९६० साली तिला जोडलेल्या टिपणात त्यांनी सुखान्त अपरिहार्य होता असे स्पष्टपणे म्हटले आहे. नायकाचा शेवट फासावर किंवा जोडीच्या आत्महत्येत झाला असता तर पुस्तक प्रसिद्ध करणे सोपे गेले असते, हेही त्यांना ठाऊक होते. इंग्लंडच्या कायद्याने प्रौढ पुरुषांमधील खाजगी, संमतीचे संबंध गुन्हा मानणे अंशतः थांबवले ते १९६७ मध्ये. तोवर प्रियकर पात्रांना शिक्षेवाचून सोडून देणारा लेखक गुन्ह्याची भलामण करणारा ठरत असे.

अमेरिकेतील स्वस्त, कागदी बांधणीच्या पुस्तकांच्या बाजारात हाच दंडक व्यापारी नियम बनला. १९५२ साली ‘गोल्ड मेडल’ या मालिकेत मॅरिजेन मीकर यांची ‘स्प्रिंग फायर’ ही कादंबरी व्हिन पॅकर या टोपणनावाने निघाली. वसतिगृहातील दोन विद्यार्थिनींच्या प्रेमाची ही कथा. टपालखाते पुस्तके जप्त करील या भीतीने संपादकाने शेवट सुखाचा नको अशी अट घातली होती, असे लेखिकेने पुढे नमूद केले आहे. त्यानुसार एका नायिकेला वेड लागते आणि दुसरीला आपण तिच्यावर कधी प्रेम केलेच नव्हते असा साक्षात्कार होतो. त्याच वर्षी अमेरिकी प्रतिनिधिगृहाची एक समिती अशा पुस्तकांच्या अश्लीलतेची चौकशी करीत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे संपादकाची भीती निराधार नव्हती हे कळते.

आणि त्याच १९५२ मध्ये पॅट्रिशिया हायस्मिथ यांनी क्लेअर मॉर्गन या नावाने ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’ प्रसिद्ध केली. दुकानातील खेळण्यांच्या विभागात तात्पुरती नोकरी करणारी तरुण टेरेझ आणि घटस्फोटाच्या उंबरठ्यावरची कॅरल यांच्या या कथेच्या शेवटी दोघी विलग होत नाहीत, वेड्या होत नाहीत, मरत नाहीत. नव्या आवृत्तीला जोडलेल्या उत्तरलेखात हायस्मिथ सांगतात की, या पुस्तकाच्या कागदी आवृत्तीच्या जवळजवळ दहा लाख प्रती खपल्या आणि प्रकाशकाच्या पत्त्यावर क्लेअर मॉर्गनला वाचकांची पत्रे येत राहिली. पत्रांतील कृतज्ञतेचा विषय प्रामुख्याने शेवट हाच होता. येथे वाचक शेवटाबद्दल आभार मानतो आहे. शेवट हा कथानकाचा केवळ एक घटक नसून लेखक आणि वाचक यांच्यातील करार असतो, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

३

‘करार’ हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. जॅनिस रॅडवे यांनी ‘रीडिंग द रोमान्स’ (१९८४) या ग्रंथात एका अमेरिकी गावातील स्त्रीवाचकांच्या मुलाखतींच्या आधारे दाखवले की, सुखान्त नसलेल्या पुस्तकाला त्या प्रेमकादंबरी म्हणायलाच तयार नव्हत्या. पॅमेला रेजिस यांनी २००३ मध्ये या प्रकाराचे आठ घटक सांगताना ‘अडसर’ आणि ‘विधिरूप मृत्यू’ यांना महत्त्वाचे स्थान दिले. विधिरूप मृत्यू म्हणजे मीलन कायमचे अशक्य झाले असे भासवणारा क्षण. यातील ‘भासवणारा’ हे पद महत्त्वाचे आहे. तो मृत्यू खरा नाही हे वाचकाला माहीत असते, तरीही तो क्षण त्याला हलवतो. हे कसे घडते?

याचे उत्तर देण्यास भारतीय काव्यशास्त्रातील एक जुना भेद उपयोगी पडतो. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात विप्रलंभ शृंगार आणि करुण यांतील फरक सांगताना पहिल्याला सापेक्ष आणि दुसऱ्याला निरपेक्ष म्हटले आहे. अश्रू दोन्हींत आहेत, चिंता आणि ग्लानीही दोन्हींत आहेत. फरक आहे तो पुनर्मीलनाच्या आशेचा. आशा शिल्लक असेल तर ते दुःख शृंगाराचेच अंग. ती संपली की करुण. भरताचा भेद पात्रांच्या भावस्थितीविषयीचा आहे. तो वाचकाच्या अपेक्षेपर्यंत वाढवला, तर ठरीव शेवटाचे प्रयोजन उलगडते. शेवटाची हमी ताण नाहीसा करीत नाही. ती दुःखाची जात बदलते. पात्रे करुणाच्या काठावर उभी असताना वाचक मात्र विप्रलंभ अनुभवत असतो, आणि पात्राला नसलेले ज्ञान वाचकापाशी असणे हाच या आस्वादाचा गाभा आहे. उत्सुकता ‘काय होणार’ यावरून ‘कसे होणार’ याकडे वळते. नजर, संकोच, अर्धवट बोललेले वाक्य, उशिरा आलेले पत्र यांना अर्थ प्राप्त होतो.

या दृष्टीने पाहिले असता ‘स्प्रिंग फायर’वर लादलेला शेवट केवळ दुःखद ठरत नाही. तो सबंध संहितेचा रस बदलून टाकतो. अशा पुस्तकांची रीत ठाऊक असलेला वाचक प्रत्येक भेटीच्या प्रसंगात येणारी शिक्षा वाचत असे. समलिंगी वाचकाला विप्रलंभ उपलब्धच नव्हता. त्याच्या वाट्याला येत होता तो फक्त करुण. तरीही ही पुस्तके लाखांनी खपली. त्यावरून असा तर्क करता येतो की, वाचक शेवटाला बगल देऊन मधल्या पानांत आपले समाधान शोधत असावा. सुखान्ताच्या आगमनाने वाचकाला पुस्तक अखंड वाचण्याची मुभा मिळाली. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या ‘नेयाड प्रेस’सारख्या स्त्रीप्रकाशनसंस्था आणि तेथून १९८३ मध्ये आलेली कॅथरीन फॉरेस्ट यांची ‘क्युरियस वाइन’सारखी कादंबरी यांचे वाङ्मयीन महत्त्व येथे आहे. त्यांनी नवे कथानक शोधले असे नव्हे. जुन्या कथानकाला त्याचा रस परत दिला.

४

मात्र शृंगार परत मिळाला असे म्हणताना काव्यशास्त्रातीलच दुसरी एक अडचण समोर येते, ती रसाभासाची. अनौचित्याने प्रवृत्त झालेली रती ही रस नव्हे, रसाभास, असे परंपरा सांगते. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त दिलेली अनुचित रतीची उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. गुरुपत्नीविषयीची, उपनायकाविषयीची, अनेकांविषयीची रती त्यात आहे. आणि त्याच यादीत जी रती दोघांच्या ठायी नाही, म्हणजे एकतर्फी आहे, तीही आहे. या यादीत दोन वेगळे निकष शेजारी बसले आहेत. पहिल्या गटातील अनौचित्य सामाजिक मर्यादेतून येते. एकतर्फी रतीचे अनौचित्य प्रेमाच्या अंतर्गत स्वरूपातून येते. पहिला निकष काळाबरोबर आणि समाजाबरोबर पालटणारा आहे. दुसरा प्रेमाच्या संकल्पनेशीच बांधलेला आहे.

लोकप्रिय समलिंगी प्रेमकादंबरीने औचित्याचा भार पहिल्या निकषावरून दुसऱ्यावर हलवला. प्रेमाला मान्यता देणारा समाज कथेत उपस्थित नसल्यामुळे परस्परता हाच त्याचा एकमेव आधार उरतो, आणि ती परस्परता पानापानावर सिद्ध करावी लागते. रूढ प्रेमकादंबरीत पुरुषाने पुढाकार घ्यावा, स्त्रीने प्रतिसाद द्यावा ही भूमिकांची वाटणी आयती मिळते. दोन स्त्रियांच्या किंवा दोन पुरुषांच्या कथेत ती आयती मिळत नाही. कोण बोलणार, कोण थांबणार, कोण माफी मागणार हे त्या दोघांतच ठरते.

या कादंबऱ्यांचा वाचकवर्ग केवळ समलिंगी नाही, पुरुषयुगुलांच्या कथांना स्त्रीवाचकांची मोठी पसंती आहे, या वस्तुस्थितीचा उलगडाही येथेच होतो. जोआना रस यांनी १९८५ मध्ये ‘स्टार ट्रेक’मधील कर्क आणि स्पॉक यांच्यावर स्त्रियांनी लिहिलेल्या प्रेमकथांची मीमांसा करताना म्हटले की, त्या कथा वस्तुतः पुरुषांविषयीच्या नव्हेत, स्त्री-पुरुष संबंधातील विषमता वगळून प्रेमाची कल्पना करण्याची ती स्त्रियांची युक्ती आहे. हा युक्तिवाद मार्मिक आहे, पण त्यातून एक नैतिक प्रश्नही निघतो. दुसऱ्याच्या जगण्याचा उपयोग स्वतःच्या स्वप्नाचे माध्यम म्हणून केला जात असेल, तर त्या दुसऱ्याचे जगणे संहितेत कितपत उरते? समलिंगी वाचकाला येथे स्वतःची ओळख सापडते की फक्त आपल्यासारखे दिसणारे मुखवटे? या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. कादंबरीगणिक ते वेगळे द्यावे लागते, आणि म्हणूनच या प्रकाराला समीक्षेची गरज आहे.

५

सुखान्त हा हक्क आहे हे मान्य केल्यावरही प्रत्येक सुखान्त सारख्या मोलाचा ठरत नाही. ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’मध्ये नवऱ्याने मागे लावलेल्या गुप्तहेराने गोळा केलेल्या पुराव्यामुळे कॅरलला मुलीचा ताबा गमवावा लागतो. शेवटच्या भेटीत ही हानी भरून निघत नाही. शीर्षकातील ‘किंमत’ हा शब्द कादंबरीभर खरा राहतो. याउलट केसी मॅकक्विस्टन यांच्या २०१९ मधील ‘रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू’ या अतिशय लोकप्रिय कादंबरीत अमेरिकेच्या स्त्री राष्ट्राध्यक्षाचा मुलगा अॅलेक्स आणि इंग्लंडचा राजपुत्र हेन्री यांचा खाजगी पत्रव्यवहार चव्हाट्यावर येतो. पण जनता त्यांच्या पाठीशी उभी राहते आणि राष्ट्राध्यक्ष निवडणूकही जिंकतात. येथे किंमत मागितली जाते आणि लगेच परतही केली जाते.

तरीही या कादंबरीला पलायनवादी म्हणून बाजूला सारणे उतावीळपणाचे होईल. दोघे प्रियकर आपल्या पत्रांत पूर्वकालीन समलिंगी व्यक्तींच्या प्रेमपत्रांतील ओळी एकमेकांना लिहून पाठवतात. त्यामुळे त्यांच्या सुखामागे सुख न मिळालेल्यांची एक रांग उभी राहते, आणि वाचकाचा आनंद इतिहासापासून तुटत नाही. कादंबरीची मर्यादा तिच्या सुखान्तात नाही. ते सुख राजवाडा आणि राष्ट्राध्यक्षनिवास यांच्या आश्रयाने मिळते, यात ती आहे. कॅरल आणि टेरेझ यांना आश्रय देणारी कोणतीही संस्था नव्हती. ‘मॉरिस’मधील जोडप्याला तर अरण्याचाच आसरा घ्यावा लागला.

येथे या प्रकाराच्या एका रूपवैशिष्ट्याकडे लक्ष जाते. रूढ प्रेमकादंबरीत विवाह हा शेवटाचा शिक्का असतो. अक्षता पडल्या की लेखकाला आणखी काही सिद्ध करावे लागत नाही. समलिंगी प्रेमकादंबरीला हा शिक्का दीर्घ काळ उपलब्ध नव्हता. म्हणून मीलनाची निश्चिती तिला भाषेतूनच निर्माण करावी लागली. गजबजलेल्या उपाहारगृहात एका स्त्रीने दुसरीच्या दिशेने चालत जाणे एवढ्याच कृतीवर हायस्मिथ यांना सबंध कादंबरी तोलून धरावी लागली. वंचनेतून आलेले हे वाङ्मयीन सामर्थ्य आहे. अमेरिकेत २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला देशभर मान्यता मिळाली. वाचकाच्या जीवनात हा निःसंशय लाभ. लेखकाच्या हाती मात्र आयता शिक्का आला. त्यामुळे परस्परता सिद्ध करण्याचे श्रम टाळण्याचा मोह पुढील कादंबऱ्यांना होणार, आणि समीक्षेला तो दाखवून द्यावा लागणार.

६

मराठी वाचकाला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकातील सुमित्रा आत्मनाशाकडे जाते. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) मध्ये भाऊ आणि बहीण दोघेही एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात आणि तो दोघांनाही सोडून जातो. या कृती रंजनपर साहित्यात मोडत नाहीत, आणि त्यांचे शेवट कोणी लादलेले नाहीत. त्यांचे दुःख त्यांनी कलात्मक पातळीवर कमावलेले आहे. पण कमावलेल्या दुःखाची किंमतही तेव्हाच पुरती कळते, जेव्हा त्याच भाषेत सुखाची शक्यता लिहिली गेलेली असते. जेथे एकच शेवट संभवतो, तेथे तो शेवट निवडला असे म्हणता येत नाही.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. ऑक्टोबर २०२३ मध्ये विवाहाला मान्यता देण्यास मात्र नकार दिला. म्हणजे येथील कादंबरीकारापुढे आज जी परिस्थिती आहे, ती बरीचशी हायस्मिथ यांच्या शेवटच्या पानासारखी आहे : गुन्हा नाही, शिक्काही नाही, आहे ती फक्त दोन माणसांची परस्परता. सामान्य वाचकाला हातात धरून शेवटपर्यंत नेणारी, फडके यांच्या कादंबरीइतकी सुबोध आणि रंजक अशी एखादी कथा या परिस्थितीतून मराठीत लिहिली गेली, तर तिचा शेवट आधीच ठाऊक आहे म्हणून तिला नाके मुरडण्यापूर्वी समीक्षकाने एवढेच विचारावे, की तो शेवट कोणाला, किती काळ, ठाऊक असण्याची सोयच नव्हती.