शुभा टोळे यांचा २००८ चा पेपर, बक्षिसं बाजूला ठेवून

मागच्या महिन्यात खोपोलीत बीएस्सीच्या मुलांसमोर डॉ. शुभा टोळे यांच्या संशोधनावर बोलायचं होतं. पहिल्याच स्लाइडवर मी २०१० चं भटनागर पारितोषिक, २०१४ चं इन्फोसिस असं सगळं टाकलं. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "ताई, पण त्यांनी शोधलं काय?" माझं उत्तर अगदीच गुळमुळीत होतं. घरी कर्जतला येताना लोकलमध्ये 'सायन्स'मधला त्यांचा २००८ चा पेपर पुन्हा उघडला. हे त्या मुलीला उशिरा दिलेलं उत्तर.

चरित्र थोडक्यात सांगते: मुंबईचं सेंट झेवियर्स, कॅलटेकमध्ये पीएचडी, शिकागोला एलिझाबेथ ग्रोव्ह यांच्याकडे पोस्टडॉक, आणि १९९९ पासून कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये स्वतःची लॅब. विषय, गर्भात मेंदू घडतो कसा.

आता कोडं बघा. भ्रूणाच्या मेंदूत कॉर्टेक्सच्या कडेला पेशींची एक अरुंद पट्टी असते, साडीच्या काठासारखी. तिचं नावच कॉर्टिकल हेम. तिला लागूनच हिप्पोकॅम्पस तयार होतो, म्हणजे आठवणींसाठी लागणारा भाग. मग हा काठच शेजारच्या पेशींना 'तुम्ही हिप्पोकॅम्पस व्हा' असं सांगत असेल का? संशय रास्त आहे, पण शेजारी असणं हा पुरावा नव्हे.

एलएचएक्स-२ हे जनुक नसलेल्या उंदरांत हेम अवाच्या सवा वाढतं, हे २००१ मध्येच दिसलं होतं. सांगणारे वाढले म्हणजे हिप्पोकॅम्पसही वाढायला हवा ना? तर तो जवळजवळ नाहीसाच! कारण कॉर्टेक्स व्हायच्या पेशीही हेमकडे गेल्या. सांगणारे भरपूर, ऐकणारं कुणी उरलंच नाही.

इथे २००८ चा प्रयोग येतो. टोळे यांची लॅब आणि अमेरिकेतल्या अर्व्हाइनची एडविन मोनुकी यांची लॅब, दोघांचं हे काम. त्यांनी मिश्र भ्रूण बघितले: काही पेशींत जनुक नाही, बाकीच्या धडधाकट. जनुक नसलेल्या पेशींचे पुंजके जागोजागी हेम झाले, आणि त्या पुंजक्यांशेजारच्या धडधाकट पेशी हिप्पोकॅम्पसच्या वाटेला लागल्या. एकाच मेंदूत नको तिथे हिप्पोकॅम्पस! बदलल्या त्या पेशींच्या जनुकाला कुणी हातही लावला नव्हता, म्हणजे हुकूम बाहेरूनच आला. सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा ही रचना समोर ठेवा. संशोधकांनी नवं यंत्र आणलेलं नाही, ऐकणारे परत आणून बसवलेत.

वेळेचा मुद्दाही तितकाच मोठा. जनुक उशिरा काढलं, साधारण साडेदहाव्या दिवसानंतर, तर पेशी हेम होत नाहीत. आपल्याकडे पळसदरीला गाडी एकदा खोपोलीच्या रुळावर गेली की लोणावळा विसरायचं, तसंच.

माझी तक्रार शीर्षकातल्या 'सिलेक्टर' या शब्दाबद्दल आहे. त्यातून असं वाटतं की या जनुकाकडे एकच ठरलेला अधिकार आहे: पेशीला कॉर्टेक्स करायचं. पण याच लॅबने २०११ मध्ये 'पीएनएएस'मध्ये दाखवलं की पुढे वाढत्या हिप्पोकॅम्पसमध्ये तेच जनुक वेगळाच निर्णय घेतं. ते असेपर्यंत न्यूरॉन बनत राहतात. काढलं की अ‍ॅस्ट्रोसाइट वेळेआधी बनू लागतात. म्हणजे जनुकाचा अर्थ वेळेवर आणि जागेवर ठरतो. मला विचाराल तर टोळे यांच्या कामाचं खरं वजन यात आहे, आणि ते त्यांच्याच गाजलेल्या शीर्षकाला थोडं ढिलं करतं. एकेक पेपर सुटा वाचला तर हे दिसत नाही, दोन्ही शेजारी ठेवावे लागतात. सायटेशन मोजून तर नाहीच नाही.

आणखी एक. हे सगळं उंदरात आहे. यावरून थेट माणसाच्या आजारांवर उडी मारायचा मोह होतो, मीही त्या दिवशी स्मृतिभ्रंशाचं एक वाक्य ठोकून दिलं होतं. ते मागे घेते. शिवाय त्या पेपरवर डझनाहून जास्त लेखक आहेत आणि माझ्या स्लाइडवर नाव एकच होतं.

त्या मुलीला मिश्र भ्रूणाची आकृती पाठवली. रात्री उलट मेसेज आला: "ताई, पुंजका अगदी चार पेशींचा असेल तर शेजारचे ऐकतील का?"

पेपर पुन्हा उघडलाय.