‘आर्गो’ : एका चित्रपटाची साधनचिकित्सा

बेन ॲफ्लेक यांनीं दिग्दर्शित केलेला ‘आर्गो’ हा २०१२ सालचा अमेरिकन चित्रपट येथें परीक्षणास घेतला आहे. जुन्या कागदांच्या चाहत्यांस चित्रपटाशीं काय कर्तव्य, असें कोणी म्हणेल. परंतु इराणचा अलीकडील इतिहास बहुतेकांस आतां अशाच मार्गानें कळतो. तेव्हां बखरीस लावावयाची कसोटी यासहि लावणें आम्हांस प्राप्त वाटतें.

४ नोव्हेंबर १९७९ रोजीं तेहरान येथील अमेरिकन वकिलात विद्यार्थ्यांनीं बळकाविली. तेथील ५२ इसम ४४४ दिवस ओलीस राहिले. सहा जण निसटून कॅनडाच्या वकिलातीच्या आश्रयास गेले. चित्रपट काढणारी मंडळी अशी त्यांची बतावणी करून सी. आय. ए. या हेरखात्याचे टोनी मेंडेझ यांनीं १९८० च्या जानेवारींत त्यांस बाहेर काढिलें. हेंच कथानक.

चित्रपटाचे आरंभीं १९५३ सालीं मुसद्दिक यांचें मंत्रिमंडळ अमेरिका व इंग्लंड यांनीं उलथविल्याची कबुली आहे. अमेरिकन परराष्ट्रखात्याच्या १९८९ सालच्या छापील दस्तऐवजसंग्रहांत हें कृत्य गाळलें होतें. पूरक खंड निघाला तो २०१७ सालीं. या दृष्टीनें चित्रपटाची कबुली प्रशंसनीय होय. मात्र ती प्रस्तावनेंतच संपते. पुढें जो जमाव दिसतो, त्यास क्रोध आहे, पण स्मृति नाहीं. १९५३ त पळालेला शहा परकीयांच्या बळावर परत आला होता. तोच १९७९ च्या ऑक्टोबरांत उपचारार्थ अमेरिकेंत गेला, तेव्हां तोच डाव पुन्हां पडेल ही धास्ती इराणांत पसरली. हें एकाहि इराणी पात्राच्या मुखीं येत नाहीं. दूत अवध्य असतो, हा नियम विद्यार्थ्यांनीं मोडला यांत संशय नाहीं. परंतु कारण सांगणें म्हणजे समर्थन करणें नव्हे.

याहून मोठी उणीव कागदांविषयींची आहे. वकिलातींत यंत्रानें कातरलेल्या कागदांच्या पट्ट्या मुलें जुळवितात, असें चित्रपटांत दिसतें. आमच्या वाचकांस हें दृश्य विशेष मोहक वाटेल. परंतु त्या जुळणींतून एक चेहरा ओळखला जावा व पाठलाग सुरू व्हावा, एवढ्यापुरताच तिचा उपयोग केला आहे. वस्तुतः विद्यार्थ्यांनीं जुळविलेले व अखंड सांपडलेले कागद मिळून पन्नासांहून अधिक खंड छापिले. वकिलातीवरील हल्ल्यानंतर दोनच दिवसांनीं बाझारगान यांच्या मवाळ मंत्रिमंडळानें राजीनामा दिला. आणि त्यांचे सहकारी अब्बास अमीर-इंतिझाम यांस याच कागदांच्या आधारें हेर ठरवून जन्मठेप दिली गेली. म्हणजे अतिरेकाचा पहिला घाव घरच्याच मवाळांवर पडला, आणि त्याचें हत्यार कागद होते. इराणांत मवाळ व जहाल असे दोन पक्ष झगडत होते, ही गोष्टच चित्रपटास ठाऊक नाहीं. सहर या दासीखेरीज विवेकी इराणी माणूस त्यांत जवळजवळ दिसत नाहीं.

किरकोळ प्रमादांत विमानतळावरील शेवटचा पाठलाग कल्पित आहे. इंग्रजांनीं या सहा जणांस हांकून दिलें, हेंहि खरें नव्हे. त्यांनीं प्रथम आसरा दिला होता. समाप्तीचा लेख तर कॅनडाचे वकील केन टेलर यांच्या तक्रारीनंतर बदलावा लागला. प्रदर्शनापूर्वींच पाठभेद झाला!

रचनेचें कौशल्य आम्हीं नाकारीत नाहीं. बखरहि रंजक असतेच. परंतु बखरीचा कर्ता निदान दोन्ही दळांतील सरदारांचीं नांवें देतो. येथें एका बाजूस नांवें आहेत व दुसऱ्या बाजूस नुसता घोष आहे. अशा साधनावरून परराष्ट्रनीतीचा न्याय करूं नये. आणि अस्सल कागद हातीं आला तरी तो कोणी, कोणत्या हेतूनें जुळविला, हें पाहिल्यावांचून त्यावर विश्वासूं नये. अमीर-इंतिझाम यांची हकीकत हेंच सांगते.